झिरो माइलचे घोडे आणि त्यापुढचा मैलभर

पोरी, लेकरं, सासूबाई आणि जावईबापूंना घेऊन कोल्हापूरहून नागपूर बघायला येतेयस तर पहिला मान झिरो माइलच्या चार घोड्यांना दे. स्टेशनावर उतरून थेट दीक्षाभूमीला किंवा फुटाळा तलावावर पळायची घाई करू नकोस. तिथे जायचंच आहे, पण आधी बर्डीचा, म्हणजे सीताबर्डीचा परिसर. चालत फिरता येईल एवढ्याशा जागेत या शहराची दोनशे वर्षं एकमेकांना खेटून उभी आहेत आणि ती पायी फिरल्याशिवाय हाती लागत नाहीत. गाडीच्या काचेतून घोडे, पुतळा, टेकडी सगळं वीस मिनिटांत उरकतं आणि संध्याकाळी लेकरांना विचारलं तर एकही गोष्ट सांगता येत नाही.

यातलं निम्मं शहाणपण माझं नव्हे. तुझे आजोबा पोस्टात होते. रविवारी सकाळी ते आम्हा भावंडांना सिव्हिल लाइन्सपासून बर्डीपर्यंत पायी फिरवायचे. पुढे मी शाळेत शिकवायला लागले, तेव्हा आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी सहल कशी न्यायची ते शिकवलं. आणि नागपूरच्या उन्हात लेकरं कशी सांभाळायची, ते तुझ्या आजीनं. मी फक्त हे सगळं इतकी वर्षं वापरून पाहिलं आणि आता तुझ्या हवाली करतेय.

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा निवडलास हे फार चांगलं केलंस. मे महिन्यात आली असतीस तर मीच तुला घराबाहेर पडू दिलं नसतं. 45 अंशांच्या वर पारा गेला की इथे दुपारी रस्तेसुद्धा ओस पडतात. नोव्हेंबरात सकाळी गारठा असतो, दुपारी ऊन लागतं पण सोसवतं. लेकरांना पातळ स्वेटर घाल, तो दहा वाजता काढून पिशवीत जाईल. शिवाय संत्र्याचा आंबिया बहार बाजारात आलेला असतो. मुख्य म्हणजे विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन साधारण डिसेंबरात लागतं. 1953 च्या नागपूर कराराप्रमाणे सरकारला दरवर्षी इथे अधिवेशन भरवावं लागतं आणि त्या दिवसांत विधानभवनाच्या भोवतीचे रस्ते बांबू, बॅरिकेड आणि पोलिसांनी भरून जातात. रोज मोर्चे. हॉटेलात खोली मिळत नाही, मिळाली तर दुप्पट भावाने. त्याच्या आधी येऊन जायचं. तारीख पुढे ढकलावी लागली तर आधी अधिवेशनाच्या तारखा बघ आणि मगच तिकीट काढ.

आणखी एक कारण आहे, ते मला जास्त मोलाचं वाटतं. 23 नोव्हेंबर, 26 नोव्हेंबर, 27 नोव्हेंबर या तिन्ही तारखा या मैलभरात घडलेल्या किंवा जपलेल्या गोष्टींच्या आहेत. कशा, ते त्या त्या जागी सांगते.

सकाळी सातला निघा. ऑटो करू नका, मेट्रोने या. ऑरेंज लाइनवर सीताबर्डीच्या पुढचंच स्टेशन झिरो माइल फ्रीडम पार्क. तुमचा मुक्काम हिंगण्याच्या बाजूला असला तर ॲक्वा लाइनने सीताबर्डीला या आणि तिथेच गाडी बदला. तुझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांची काळजी नको, स्टेशनात लिफ्ट आणि सरकते जिने आहेत. खाली बागेत रणगाडा ठेवलाय. लेकरं आधी तिकडेच धावणार, धावू दे. त्यांचा जोर तिथे थोडा उतरला की पुढे ती शांतपणे ऐकतात.

आता घोड्यांपाशी. मधोमध वालुकाश्माचा खांब आणि त्याच्या भोवती चारही दिशांना उधळलेले चार घोडे. सगळे फोटो त्यांचेच निघतात. पण तुझे आजोबा सांगायचे, दगडाजवळ वाकायचं आणि घोड्यांपासून लांब व्हायचं. घोडे लांबून बघायची चीज आहे. अगदी जवळ गेलं की नुसते पाय आणि पोट दिसतं, दहा-पंधरा पावलं मागं आलं की चारही घोड्यांची झेप एकदम नजरेत येते. दगडाचं उलटं आहे. जवळच एक बुटका षटकोनी दगड आहे आणि त्याच्या अंगावर गावांची नावं आणि मैल कोरलेत. हैदराबाद 318 मैल. जबलपूर 170. चांदा 125, म्हणजे आपलं चंद्रपूर. बैतूल 101, छिंदवाडा 83. अक्षरं झिजली आहेत. भर दुपारी ऊन वरून पडतं तेव्हा ती सपाट दिसतात, वाचता येत नाहीत. सकाळी सात-साडेसातला सूर्य खाली असतो, ऊन तिरपं येतं आणि कोरलेल्या प्रत्येक रेघेत सावली भरते. तेव्हा वाच. हे कोणत्याही शिलालेखाला लागू आहे. अक्षर उमटावं म्हणून काही लोक खडू घासतात, पाणी ओततात. लेकरांना तसं करू देऊ नकोस, त्यानं दगड लवकर झिजतो. आणि घोड्यांवर चढवून फोटो अजिबात नको, कोणी दुसरं चढलेलं दिसलं तरी.

आमच्या मुख्याध्यापिकाबाईंचा कानमंत्र असा होता, की लेकरांना आधी प्रश्न द्यायचा, माहिती नंतर. मोठ्याला म्हण, मैलाचे किलोमीटर करून दाखव. 170 ला 1.6 ने गुणलं की 272 येतात. मग फोनवर नागपूर ते जबलपूर बघायला सांग. आकडा आसपासच निघतो आणि पोरगं चकित होतं, की शंभर वर्षांपूर्वी उपग्रह नसताना हे मोजलं कोणी आणि कसं? तो प्रश्न त्याच्या तोंडून आला, की मग तू बोलायला लाग.

तेव्हा सांग, की 1802 साली विल्यम लॅम्बटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं मद्रासजवळ एक पायारेषा मोजून अख्ख्या हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन माहीत असले की बाकीच्या बाजू गणितानं काढता येतात. मग त्याच बाजूवर पुढचा त्रिकोण, त्याच्यावर त्याच्या पुढचा. असे त्रिकोण रचत ही माणसं टेकड्या-डोंगरांवर भलं मोठं यंत्र चढवत उत्तरेकडे सरकत राहिली. लॅम्बटन वीस वर्षं हेच काम करत होता. हैदराबादहून नागपूरकडे येताना वाटेत हिंगणघाटला जानेवारी 1823 मध्ये तो वारला. त्याचं थडगं तिथंच आहे, वर्धा जिल्ह्यात, नागपूरपासून दोन तासांच्या अंतरावर. एवढ्या मोठ्या कामाचा माणूस आपल्या विदर्भाच्या मातीत पडलाय आणि आपल्या शाळांत कोणी ते सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. त्याच्यानंतर हे काम जॉर्ज एव्हरेस्टने हाती घेतलं. त्याचं नाव मात्र जगातल्या सर्वांत उंच शिखराला मिळालं, म्हणून ते लेकरांना पाठ असतं.

त्याच सर्वेक्षणाची ही खूण, 1907 सालची. ते साल आणि जीटीएस, म्हणजे ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे, ही अक्षरं इथल्या दगडावर आहेत. इथली नोंदलेली उंची समुद्रसपाटीपासून 1020.171 फूट. दशांशचिन्हापुढचे तीन आकडे लेकरांना मुद्दाम दाखव. एका फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत हिशेब ठेवणारी माणसं होती ती. समुद्रापासून इतक्या आत असलेल्या नागपूरची उंची समुद्राच्या पाण्यावरून ठरवायची, तर किनाऱ्यावर भरती-ओहोटीची वर्षानुवर्षं नोंद करून सरासरी पातळी काढायची आणि तिथून पट्टी आणि दुर्बीण घेऊन थोड्या थोड्या अंतरावर चढ-उतार मोजत इथवर यायचं. हे काम पायी झालंय. तू तिथवर मेट्रोने आलीस, हे लेकरांना सांगायला विसरू नकोस.

'हा भारताचा मध्य आहे ना?' असं कोणीतरी विचारणारच, जावईबापूच विचारतील. गावात सगळे तसंच सांगतात आणि आम्हाला त्याचा अभिमानही आहे. पण तू नीट सांग. 1907 साली ज्याला हिंदुस्थान म्हणत, त्यात आजचे पाकिस्तान आणि बांगलादेशही होते. सरहद्दी बदलल्या की मध्यही सरकतो. आजच्या नकाशाचा मध्य मध्य प्रदेशात कटनी जिल्ह्यातल्या करौंदीजवळ मानतात. त्यानं झिरो माइलची किंमत तसूभरही कमी होत नाही. उंची मोजण्यासाठी पक्की केलेली ही जागा आहे आणि ते काम तिनं चोख केलंय.

घोड्यांपासून हललात की पुढे जायच्या आधी गोवारी स्मारकापाशी थांबायचं. लोक त्याच्यासमोरून रोज जातात, पण बाहेरून आलेला माणूस सहसा तिकडे फिरकत नाही, कारण तिथे फोटो काढण्यासारखं काही नाही. 23 नोव्हेंबर 1994. अधिवेशन चालू होतं. अनुसूचित जमातीच्या सवलती मिळाव्यात म्हणून विदर्भातल्या गावागावांतून गोवारी समाजाची माणसं मोर्चाने आली होती. गुरं राखणारी, मजुरी करणारी माणसं, घरच्या बायका-पोरांसकट आलेली. संध्याकाळपर्यंत त्यांना भेटायला कोणी आलं नाही. मग गर्दी पुढे सरली, लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि 114 जणांचा जीव गेला. त्यात बाया आणि लहान लेकरं फार. बर्डीवरच्या उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे. तू त्या आठवड्यात येतेयस, तेव्हा 23 तारखेला दिवसभर तिथे लांबून आलेली माणसं दिसतील, फुलं वाहताना. लेकरं लहान आहेत म्हणून हे लपवू नकोस. दहा वर्षांचं मूल हे समजू शकतं. फक्त घाईत सांगू नकोस, आणि तिथे चिप्सची पाकिटं बाहेर काढू देऊ नकोस. तेवढी समज घरूनच द्यावी लागते.

एव्हाना आठ वाजतील आणि भूक लागेल. कस्तुरचंद पार्कच्या आसपास सकाळी तर्री-पोह्यांच्या गाड्या लागतात. कोल्हापूरच्या माणसाला तिखटाचं भय नाही हे मला माहीत आहे. पण तर्रीचं तिखट वेगळं, ते तोंडात नाही, पोटात लागतं. पहिल्यांदा 'तर्री कमी' असं सांगून घ्या आणि वरून मागा. पोह्यांवर चण्याची उसळ, तिच्यावर लाल कट, कच्चा कांदा, लिंबू. ज्या गाडीवर प्लेटा भराभर फिरतात तिथेच थांबायचं. पोहे ताजे असतात. लेकरांना नुसते पोहे द्यायला कोणी नाही म्हणत नाही. पाणी मात्र घरचंच.

तिथून संविधान चौक. जुनी माणसं अजून रिझर्व्ह बँक चौक म्हणतात, ऑटोवाल्याला दोन्ही नावं कळतात. इथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे आणि माझ्या मते पुतळा बघायचा कसा ते शिकायला नागपुरात याच्यासारखी दुसरी जागा नाही. पुतळा नुसता समोरून बघू नकोस. त्याच्या भोवती काय काय आहे ते बघ. एका अंगाला रिझर्व्ह बँक. हाकेच्या अंतरावर विधानभवन. पलीकडे कस्तुरचंद पार्कचं मैदान, जिथल्या सभांनी या शहराचं राजकारण घडवलं. रिझर्व्ह बँकेजवळ बाबासाहेब उभे असणं फार शोभून दिसतं. रुपयाच्या प्रश्नावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक 1923 सालचं. चलनाचा विचार करायला आलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी 1925 साली साक्ष दिली. त्या आयोगाने मध्यवर्ती बँक काढायची शिफारस केली आणि रिझर्व्ह बँक 1935 साली उभी राहिली. बाबासाहेब म्हणजे संविधान एवढंच ज्यांना ठाऊक आहे, त्यांना इथे उभं करून अर्थशास्त्रज्ञ बाबासाहेब सांगावेत. मी शाळेच्या पोरांना नेहमी तेच सांगायची.

26 नोव्हेंबरला तुम्ही नागपुरातच असाल, तर इथे सकाळी यायला चुकू नका. 1949 साली त्याच दिवशी संविधान सभेने संविधान स्वीकारलं. चौकात माणसं जमतात, संविधानाच्या उद्देशिकेचं सामूहिक वाचन होतं. शाळेची पोरं, कॉलेजची पोरं, निळे झेंडे घेऊन आलेली माणसं. तू उद्देशिका छापलेला एक कागद सोबत ठेव आणि मोठ्याला मोठ्यानं वाचायला लाव. गर्दीत आवाज मिसळला की लेकरांची लाज जाते. 13 एप्रिलच्या रात्री तर हा चौक मेणबत्त्यांनी आणि माणसांनी इतका भरतो, की पाय ठेवायला जागा नसते. बाराच्या ठोक्याला जयंती सुरू होते. ती रात्र बघायला कधीतरी मुद्दाम ये, एकटी ये, माझ्याकडे राहा.

पुतळ्यापाशी वागायची रीत सांगते. वर चढून फूल वाहायचं असेल तर चपला खाली. पाठ करून, बोटं नाचवून सेल्फी काढायची नाही. आजूबाजूला हात जोडून उभी असलेली माणसं दर्शनाला आलेली असतात. त्यांचा फोटो हवा असेल तर आधी विचारायचं. कोणी म्हातारी बाई एकटीच उभी दिसली तर तिला विचार, कुठून आलात. आमच्या इथली माणसं मोकळी आहेत, विचारलं की सांगतात. तिच्या तोंडून जे ऐकशील ते कोणत्या पाटीवर मिळायचं नाही.

आता दहा वाजत आले असतील, ऊन चढायला लागेल. तुझ्या आजीचा नियम होता, उन्हाच्या आधी बाहेर आणि उन्हाच्या वेळी छपराखाली. म्हणून संग्रहालय दुपारी. जवळच आहे, अजब बंगला. 1863 साली निघालेलं, देशातल्या जुन्या संग्रहालयांपैकी. सोमवारी बंद असतं, हे ध्यानात ठेवून दिवस ठरव. आत गेल्यावर लेकरं पेंढा भरलेल्या जनावरांकडे ओढतील. आधी तिकडे नेऊ नकोस, मग बाकी काही बघत नाहीत. पहिलं शिलालेख आणि मूर्ती, मग शस्त्रं, मग आदिवासींचं दालन आणि शेवटी जनावरं. आदिवासींच्या दालनात जास्त वेळ दे. हे शहर वसवलं देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शहानं, 1702 च्या सुमारास. भोसले नंतर आले आणि इंग्रज त्याच्याही नंतर. नागपूर म्हटलं की लोक भोसल्यांपासून सुरू करतात, तू गोंडांपासून सुरू कर. सासूबाईंना चालून दमायला झालं तर त्यांना व्हरांड्यात बसव आणि दोन खेपा करा, हट्टाने सगळ्यांनी मिळून फिरायची गरज नाही.

जेवायला बर्डीला या. सावजी खायचं म्हणून जावईबापू आले असणार. खाऊ दे त्यांना, पण रात्री. सावजी मूळचं हलबा कोष्टी विणकरांच्या घरचं जेवण. काळा मसाला, वर तेलाचा तवंग. भर दुपारी ते खाऊन पुन्हा फिरणं होत नाही. दुपारी पाटवडी रस्सा, भाकरी, भात असं सुटसुटीत घ्या. कोथिंबिरीची सांबारवडी कुठे ताजी तळताना दिसली तर सोडू नका.

जेवण झालं की टेकडी गणपती. स्टेशनाजवळच आहे आणि सीताबर्डीच्या किल्ल्याच्या टेकडीच्याच उतारावर आहे. मंगळवारी आणि चतुर्थीला रांग लागते, तुझ्या सासूबाईंना निवांत दर्शन हवं असेल तर दुसरा वार बघ. दर्शन झालं की वरच्या टेकडीकडे बघायला सांग. 26 आणि 27 नोव्हेंबर 1817, सीताबर्डीची लढाई इथे झाली. या टेकडीवर आणि शेजारच्या छोट्या टेकडीवर इंग्रजांची पलटण, रेसिडेंट जेंकिन्स तिच्यासोबत. खाली अप्पासाहेब भोसल्यांचं कितीतरी मोठं सैन्य. रात्रभर तोफा चालल्या. सकाळी भोसल्यांच्या अरब शिपायांनी छोटी टेकडी घेतलीसुद्धा. पण इंग्रजांच्या घोडदळाने केलेल्या हल्ल्यानं पारडं फिरलं आणि नागपूरकरांची लढाई हातची गेली. पुढे राज्य नावाला राहिलं, 1853 साली तिसरे रघूजी वारले आणि डलहौसीनं तेही खालसा केलं.

किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, एरवी आत सोडत नाहीत. वर्षातून तीन दिवस लोकांसाठी उघडतात, 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्ट. त्यातला 1 मे सोड, ऊन फार. 15 ऑगस्टला पावसाचा भरवसा नसतो. म्हणून 26 जानेवारी. सकाळी लवकर रांगेत उभं राहायचं, ओळखपत्र जवळ ठेवायचं. या खेपेला खालूनच बघायचंय. पण लढाईच्याच तारखांना तुम्ही त्या टेकडीखाली उभे असाल, एवढं लेकरांना पुरे होतं.

झाशी राणी चौकातला राणीचा पुतळा येता-जाता दिसेल, व्हरायटी चौकातले गांधीजीही. तिथे उतरून उभं राहायला जागा नाही, चारी बाजूंनी गाड्या असतात. मेट्रोतून किंवा फुटपाथवरून बघून पुढे व्हा. बर्डीवरून जाताना श्याम हॉटेलची जागा मात्र कोणाला तरी विचारून बघ. ऑक्टोबर 1956 मध्ये धर्मांतरासाठी बाबासाहेब आले तेव्हा पत्नी माईसाहेबांसह तिथे उतरले होते. आदल्या दिवशी पत्रकारांशी बोलले तेही तिथेच.

आणि मग दीक्षाभूमी. चार-साडेचारला पोचायचं म्हणजे ऊन उतरलेलं असतं. तू म्हणाली होतीस की दसऱ्याला यावं का. दसऱ्याला लाखो माणसं येतात, देशभरातून, उशाला गाठोडं घेऊन रात्रभर मैदानात झोपतात आणि सकाळी पुस्तकांच्या दुकानांवर झुंबड उडते. माणसं पुस्तकं विकत घ्यायला इतकी गर्दी करतात, हे बघायचं असेल तर दसरा. स्तूप निवांत बघायचा असेल तर आत्ताचे दिवस. लहान लेकरं आणि सासूबाई सोबत असताना आत्ताच बरं.

14 ऑक्टोबर 1956 ला इथल्या मैदानावर भदंत चंद्रमणी महास्थवीरांनी बाबासाहेबांना बौद्ध धर्माची दीक्षा दिली आणि मग बाबासाहेबांनी आपल्या लाखो अनुयायांना. तेव्हा त्यांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा आवारात कोरलेल्या आहेत, त्या सगळ्या वाचायच्या, सोडून सोडून नाही. स्तूप सांचीच्या धर्तीवर आहे, पण सांचीचा भरीव आणि हा आतून पोकळ. आत प्रशस्त गोल दालन आणि मधोमध बाबासाहेबांच्या अस्थी. 18 डिसेंबर 2001 ला राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. आत शिरल्यावर लेकरांना बोलू नका असं सांगायची वेळ येत नाही, आवाज असा घुमतो की ती आपोआप कुजबुजायला लागतात. फोटो काढायचा असेल तर आधी विचार. बाहेर बोधिवृक्ष आहे, भदंत आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेतल्या अनुराधापूरहून आणलेल्या रोपांचा. त्याच्या पारावर तुझ्या सासूबाईंना बसू दे, जितका वेळ त्यांना वाटेल तितका.

दुसरा दिवस असेल तर कामठीचं ड्रॅगन पॅलेस बघा, पण दुपार सोडून. रामटेक करायचं तर त्यालाच पूर्ण दिवस द्या, वाटेत दुसरं काही कोंबू नका. फुटाळ्याला एका संध्याकाळी भाजलेलं कणीस खायला जा, पण रविवार टाळा. मला विचारशील तर या सगळ्यांपेक्षा काटोल रस्त्यावरच्या चिचोलीला, शांतिवनात जा. दीक्षा सोहळ्याची धुरा ज्यांनी उचलली त्या वामनराव गोडबोल्यांनी बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू तिथे जपून ठेवल्या. त्यांचे कोट, टाय, टंकलेखन यंत्र. पुतळ्यातला माणूस कोणत्या मापाचा कोट घालायचा, हे पाहिलं की लेकरांना तो माणूस वाटायला लागतो. निघायच्या आधी उघडं आहे ना याची चौकशी करून घे.

शेवटी संत्री. स्टेशनाच्या संत्रा मार्केटच्या बाजूने आत जायचं असेल तर अर्धा तास हाताशी ठेव. आंबिया बहाराचं संत्रं जरा आंबट-गोड असतं, खूप गोड हवं असेल तर ते फेब्रुवारी-मार्चातलं मृग बहाराचं. रंगाला भुलू नकोस, देठाजवळ हिरवट असलं तरी आतून पिकलेलं निघतं. हातात घेऊन वजन बघ. दिसायला मोठं, पण हाताला हलकं लागलं तर आत फोडी सुकलेल्या असतात. साल सैल असावी, पण फुगलेली नसावी. ढिगातलं एक फोडून दाखवायला सांग, दाखवतात. डझनात भाव कर आणि वरचे थर नव्हे, खालचे निवडून घे. कोल्हापूर म्हणजे लांबचा प्रवास. प्लॅस्टिकच्या पिशवीत संत्र्याला घाम सुटतो आणि सकाळपर्यंत दोन-चार नासतात. पुठ्ठ्याचा खोका घे, तळाशी गवत किंवा वर्तमानपत्र घाल आणि बर्थखाली सरकव. पण खोक्यावर बॅग ठेवू नकोस. संत्रा बर्फी वेगळ्या डब्यात, ती मी आणून ठेवते.